बी.एस्सी.नंतर आयआयटीत एम.एस्सी.: जॅम देणाऱ्यांसाठी

संभाजीनगर-नांदेडकडच्या कॉलेजांत बी.एस्सी. करणाऱ्या अनेकांना जॅमचं, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेचं, नाव शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर कळतं. तोवर गाडी गेलेली असते. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. शेवटच्या वर्षात शिकत असतानाच अर्ज करता येतो. म्हणून तयारी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत सुरू करावी.

पेपर सातच: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणितीय संख्याशास्त्र, जैवतंत्रज्ञान, भूविज्ञान, अर्थशास्त्र. बॉटनी-झूलॉजीवाल्यांसाठी वेगळा पेपर नाही. त्यांना जैवतंत्रज्ञानाचा द्यावा लागतो आणि त्यात गणित-भौतिकही असतं. बारावीला गणित सोडलेली मुलं इथेच अडकतात. त्यांनी सीयूईटी-पीजी (केंद्रीय विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) हीही भरून ठेवावी.

तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. पहिल्या भागात एकच उत्तर बरोबर असलेले 30 प्रश्न; चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. दुसऱ्या भागातल्या 10 प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात. सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण, अर्धवटाला शून्य. तिसऱ्या भागातल्या 20 प्रश्नांचं उत्तर आकड्यात टाकायचं. शेवटच्या दोन्ही भागांत गुण कापत नाहीत, तेव्हा तिथे काहीही कोरं सोडू नका. विद्यापीठाच्या परीक्षेसाठी सिद्धता घोकलेल्यांची दांडी तिसऱ्या भागातच उडते. प्रमेय पाठ असतं, पण त्यावरून आकडा काढायची सवय नसते. जुने पेपर वेळ लावून सोडवा, आणि तेही स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर वापरून, कारण स्वतःचा नेता येत नाही.

खरा घोळ दाखल्यांचा. राज्याचा नॉन-क्रीमी लेअर दाखला इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, तोही चालू आर्थिक वर्षातला. राज्यात व्हीजेएनटीत असलेल्यांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहावं. एसईबीसीचं (राज्यातलं मराठा समाजाचं) आरक्षण केंद्रीय संस्थांत नाही. तिथे ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) पाहायचं, पण कुटुंबाची शेतजमीन पाच एकर किंवा जास्त असेल तर उत्पन्न आठ लाखांच्या आत असूनही तो दाखला मिळत नाही. कोरडवाहू असली तरी एकर ते एकरच! वेगवेगळ्या गावांतली जमीनही एकत्र धरतात. म्हणून अर्जाआधी घरातले सगळे सातबारे काढून बेरीज करा.