कुत्र्याचे जंत आणि घरातली पोरं: या चुका टाळा

इंदुरात आमच्या लोकमान्य नगर, सुदामा नगर भागात हल्ली घराआड एक पिल्लू दिसतं. आणल्याबरोबर रेबीजच्या लसीची चौकशी सगळे करतात, जंतांचं मात्र कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पहिली चूक म्हणजे “एक डोस दिलाय, झालं.” झालं नाही! गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, पुढे दुधातूनही. त्यामुळे “आमचं चांगल्या घरातलं आहे” या बोलण्याला अर्थ नाही. औषधाने आतड्यातले जंत मरतात. अंगात फिरणाऱ्या अळ्या मागाहून आतड्यात उतरतात आणि अंडी पुन्हा सुरू. म्हणून वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दोन महिन्यांचं होईस्तोवर दर 15 दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी. पाजणाऱ्या आईलाही. मी या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहिते. आणि दर वेळी पिल्लाचं वजन करते. “अंदाजे अर्धी गोळी” देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरी चूक, शी पडू द्यायची आणि वर फिनेल ओतायचं. ओळखीच्या एका घरी असंच चालायचं. मागच्या अंगणात पिल्लाची शी वाळायची, रविवारी झाडली जायची, नंतर बादलीभर फिनेल. चार वर्षांचा नातू तिथेच खेळायचा, माती तोंडात घालायचा. ताप आणि खोकला हटेना, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खूप वाढलेले. मुलाची शी तपासली, जंत नाहीत म्हणून सगळे निर्धास्त! शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, “घरात कुत्रं आहे का?” तेव्हा कुठे उलगडा झाला: मातीतून पिल्लाच्या गोल जंतांची अंडी पोटात गेली आणि त्यांच्या अळ्या अंगात पसरल्या. माणसाच्या पोटात या अळ्यांचे मोठे जंत होतच नाहीत, मग शीत अंडी दिसणार कुठून? त्या यकृतात, फुप्फुसात भटकतात. कधी डोळ्यात शिरल्या तर नजर जाते. पोरगा बरा झाला, पण तोवर घरादाराचा जीव टांगणीला होता.

ताज्या शीतली अंडी लागत नाहीत, त्यांना पिकायला दोन ते चार आठवडे लागतात. रोजच्या रोज शी उचलली की प्रश्नच मिटतो. एकदा मातीत मुरली की ही अंडी वर्षानुवर्षं टिकतात, फिनेलला दाद देत नाहीत. मी शी कागदाने उचलून संडासात टाकते, फरशीवर उकळतं पाणी ओतते आणि साबणाने हात धुते. एवढाही कंटाळा असेल तर पिल्लू आणू नका. आणून मग रस्त्यावर सोडणं तर त्याहून वाईट.

बाकीच्या थोडक्यात:

अनवाणी ओल्या मातीत फिरू नका. अंकुशकृमीच्या (हुकवर्म) अळ्या कातडीतून शिरतात, खाजरी वळवळती रेघ उमटते.

शेपटीखाली तांदळासारखे दाणे दिसले तर ते चपटे जंत. पिसवा मारल्याशिवाय ते जात नाहीत, आणि पिसू गिळलेल्या मुलालाही होतात.

खाटकाकडची कच्ची काळजं, फुप्फुसं कुत्र्याला घालू नका. त्यातून कुत्र्याला होणाऱ्या जंताच्या अंड्यांनी माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

शाळेत 10 फेब्रुवारीला मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी माणसांच्या जंतांसाठी असते. ती मुलाला जरूर द्या, पण कुत्र्याच्या जंतांसाठी त्या एका गोळीवर विसंबू नका. मूल आजारी पडलं तर घरात पिल्लू आहे, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.