श्रमयोगी मानधन: सरकारचा अर्धा हप्ता आपला कधी होतो

सोलापूरच्या पूर्व भागात माझं सेवा केंद्र आहे. आधार, पॅन, लाईटबिल, उत्पन्नाचा दाखला अशी रोजची कामं, आणि २०१९ पासून त्यात प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन या असंघटित कामगारांच्या पेन्शन योजनेची नोंदणी. कामवाल्या मावश्या, गवंड्याच्या हाताखालचे बिगारी, भाजीच्या हातगाडीवाले सगळे एकच विचारतात, ‘‘अक्का, सरकार खरंच आपल्याएवढे पैसे टाकतं का?’’

टाकतं. पण ते कुठं टाकतं आणि ते पैसे आपले कधी होतात, हे समजल्याशिवाय मशिनवर अंगठा ठेवू नका.

हप्ता वयावर ठरतो. अठराव्या वर्षी आलात तर महिना ५५ रुपये, एकोणतिसाव्या वर्षी १००, पस्तिसाव्याला १५०, चाळिसाव्याला २००. ज्या वयात नोंद झाली त्या वयाचा हप्ता साठीपर्यंत तोच राहतो, वाढत नाही. तुमचे १५० बँकेतून गेले की केंद्र सरकार तुमच्या नावावर आणखी १५० भरतं. हे सरकारी १५० तुमच्या बँकेच्या पासबुकात कधीच दिसणार नाहीत. दोन्ही रकमा पेन्शनच्या निधीत जातात आणि तो निधी एलआयसी सांभाळते. साठ पूर्ण झाली की महिन्याला ३,००० रुपये पेन्शन.

पस्तिसाव्या वर्षी आलेल्या बाईचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवते. पंचवीस वर्षांत तिच्या खिशातून जातात ४५,०००, सरकारचे तेवढेच. पेन्शन सुरू झाल्यावर तिचे स्वतःचे ४५,००० सव्वा वर्षात परत येतात, पुढचं सगळं वरचं. पण पंचवीस वर्षांनी ३,००० रुपयांत काय येईल तेही तिथंच विचारते. महागाईप्रमाणे ही रक्कम वाढेल असं योजनेत कुठं लिहिलेलं नाही. म्हणून अठरा-वीस वर्षांच्या पोरांना मी सांगते, ५५ रुपये भर, पण म्हातारपणाची सोय झाली असं समजू नकोस. चाळिशीच्या तोंडावर आलेल्यांना मात्र आग्रह करते, कारण त्यांचे पैसे कमी वर्षं अडकतात आणि चाळीस उलटली की दार बंद.

आता कोणाला चालतं. वय १८ ते ४०, महिन्याची कमाई १५,००० पर्यंत, काम असंघटित क्षेत्रातलं. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) किंवा एनपीएस (सरकारी नोकरीतली पेन्शन) असेल तर नाही, इन्कम टॅक्स भरत असाल तरीही नाही. आमच्याकडं घोळ होतो तो इथंच. बिडी वळणाऱ्या बऱ्याच बायकांचा पीएफ कापला जातो, त्यांना ही योजना लागू नाही. शेजारच्या गल्लीतली धुणी-भांडी करणारी बसते आणि बिडीवाली बसत नाही, मग रुसवे-फुगवे होतात. कारखान्यात काम करत असाल तर पीएफ कापतात का ते मालकाला आधी विचारून या.

येताना आधार, बँकेचं पासबुक आणि चालू मोबाईल आणा. पासबुकावर आयएफएससी नंबर वाचता आला पाहिजे. वय आधारवरच्या जन्मतारखेनं धरतात. आमच्याकडं निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जानेवारी, शाळेत मास्तरांनी टाकलेली! ती चुकीची असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग इकडं या. पहिला हप्ता केंद्रावर रोख द्यायचा. पुढचे हप्ते खात्यातून आपोआप कापण्यासाठी एक फॉर्म निघतो, त्यावर बँकेत आहे तशीच सही किंवा अंगठा लागतो. मग पेन्शन खात्याचा नंबर असलेलं कार्ड मिळतं. ते लॅमिनेट करा.

खरी कसोटी त्यानंतर लागते. खात्यात शिल्लक नसली की तुमचा हप्ता जात नाही, आणि तुमचा नाही गेला तर सरकारचाही नाही. मागचे हप्ते नंतर भरून खातं पुन्हा चालू करता येतं, त्यावर दंड लागू शकतो. म्हणून माझं सांगणं एकच, या खात्यात दोन-तीन हप्त्यांएवढे पैसे कायम पडून राहू द्या. पगार रोखीत मिळतो आणि खात्यावर वर्षभर कोणी फिरकत नाही, असं असेल तर नोंदणी करूच नका.

मध्येच सोडलं तर काय, हे कोणी विचारत नाही, म्हणून मी आपणहून सांगते. भिशीसारखी ही रक्कम मध्ये उचलता येत नाही. दहा वर्षांच्या आत बाहेर पडलात तर फक्त तुमचा वाटा आणि त्यावर बचत खात्याच्या दरानं व्याज मिळतं. म्हणजे वरच्या बाईनं सात वर्षांनी सोडलं तर तिचे १२,६०० आणि व्याज. सरकारचे १२,६०० तिच्या हातात येत नाहीत. दहा वर्षांनंतर पण साठीच्या आत सोडलं तर व्याज जरा बरं, निधीनं कमावलेलं किंवा बचत खात्याचं, यातलं जे जास्त असेल ते. सरकारचा वाटा तेव्हाही नाहीच. त्याचा फायदा फक्त साठीपर्यंत टिकणाऱ्याला.

मरणाचं बोलायला लोक कचरतात, पण विचारून घ्या. साठीआधी काही झालं तर नवरा किंवा बायको हप्ते पुढं चालू ठेवू शकते, नाहीतर जमा वाटा व्याजासह घेऊन बंद करू शकते. पेन्शन सुरू झाल्यावर गेलात तर जोडीदाराला निम्मी, १,५०० रुपये. मुलांना पेन्शन नाही, आणि दोघंही गेल्यावर उरलेली रक्कम निधीत परत जाते. ही अट मला पटत नाही. जोडीदार नसलेल्यांनी तर ती दोनदा वाचावी. नवरा-बायको दोघंही अटीत बसत असतील तर दोघांची वेगवेगळी नोंदणी करा, पुढं दोघांना ३,०००-३,००० मिळतात.

‘‘माझं बँकेत आहे की, तिथंही सरकार भरतंय,’’ असं म्हणणारे बहुतेक अटल पेन्शनवाले असतात. त्यात सरकारचा वाटा होता, वर्षाला जास्तीत जास्त १,०००, पण तो सुरुवातीला, मार्च २०१६ पर्यंत आलेल्यांपुरता आणि पाचच वर्षं. आज अटल पेन्शन घेतलं तर सगळा हप्ता तुमचाच. मात्र तिथं दोघांच्या पश्चात जमा रक्कम वारसाला मिळते. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी किसान मानधन म्हणून वेगळी योजना आहे, तिच्यातही हप्ता ५५ ते २०० आणि सरकारचा तेवढाच. तुमच्याकडं यातलं कोणतं कार्ड आहे ते माहीत नसेल तर कार्ड आणि पासबुक दोन्ही घेऊन या, कापलेल्या हप्त्यासमोर काय छापलंय ते बघून सांगते.