बिननावाचा पाइप घेताय? देशाचा शिक्का वाचताना या चुका टाळा

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला तंबाखू ओढायचा एक पाइप दिसला. कंपनीचं नाव नाही, फक्त दांडीवर बारीक अक्षरांत ‘लंडन, इंग्लंड’. मी घासाघीसही केली नाही, सरळ पाचशे रुपये काढून दिले. घरी आणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, तर रंगाबरोबर दोन ठिकाणची लांबी निघून आली. सुतार फळीच्या भोकात भरतो, तीच. वर पाइप क्लीनर, म्हणजे साफ करायची लोकरी तार, आत घातला तर तो अर्ध्यातच अडला. लंडन कदाचित खरंही असेल, पण पाइप टाकाऊ होता.

पहिली चूक हीच: देशाचं नाव म्हणजे दर्जाची हमी समजणं. मुळात या शिक्क्याचा बराचसा उगम जकातीत आहे. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली कायद्यामुळे तिथे येणाऱ्या परदेशी मालावर देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. म्हणजे तो कस्टमवाल्यासाठी, तुमच्या-माझ्यासाठी नव्हे. शिवाय फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं सेंट क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायर नावाच्या लाकडाच्या पाइपांचं माहेरघर. तिथे कातलेल्या वाट्या (तंबाखू भरायचा भाग) इंग्लंडला जायच्या आणि पुढचं काम होऊन ‘लंडन’ म्हणून विकल्या जायच्या. यात लबाडी नव्हती, तो धंदाच तसा होता.

दुसरी चूक याहून जास्त जणांची होते: लाकडाचा देश आणि पाइपाचा देश एकच मानणं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती कॉर्सिका, इटली, ग्रीस, अल्जीरिया, मोरोक्को अशा भागांतून येते. ‘अल्जीरियन ब्रायर’ असा शिक्का असेल तर लाकूड कुठलं एवढंच कळतं, पाइप कुठे बनला ते नाही. ‘इम्पोर्टेड ब्रायर’ वाचून माणूस हुरळतो, पण हा शिक्का बहुतेक वेळा अमेरिकन पाइपवर असतो. कारण साधं आहे, हे झुडूप तिथे होतच नाही. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडचा माल थांबला तेव्हा तिथल्या कारखान्यांनी माउंटन लॉरेल आणि मॅन्झनिटा या स्थानिक झाडांची लाकडं वापरून वेळ निभावली. ‘ब्रुयेर’ हा तर ब्रायरचाच फ्रेंच शब्द, देशाचं किंवा कंपनीचं नाव नव्हे.

मग देश बघायचाच नाही का? बघायचा, पण काय अपेक्षा ठेवायची ते ठरवायला. जर्मन पाइप असेल तर तोंडाकडच्या नळीत बहुधा 9 मिलिमीटरच्या फिल्टरची जागा असणार. फिल्टर किंवा अडॅप्टर न घालता ओढलात तर ओल साचते आणि गुरगुर सुरू होते. मग लोक पाइपला शिव्या घालतात. हे फिल्टर कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे मिळत नाहीत, तेव्हा आधी तो हिशेब करा. पोलंडमध्ये प्रझेमिशल शहराकडचे पेअरच्या (नाशपातीच्या) लाकडाचे पाइप स्वस्त आणि प्रामाणिक असतात. पण हे लाकूड ब्रायरइतकी आच सोसत नाही, सावकाश ओढणाऱ्यानेच घ्यावेत. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरचा मीरशॉम, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाचा पाइप, घेताना ‘ब्लॉक’ की ‘प्रेस्ड’ हे विचारा. पहिला अखंड दगडातून कोरलेला, दुसरा भुकटी दाबून बनवलेला. मीरशॉमचा जर्मन अर्थ ‘समुद्राचा फेस’. म्हणून कुणी आयुर्वेदिक दुकानातल्या समुद्रफेनाशी त्याची सांगड घालतं. ते माकुळाचं हाड, याच्याशी संबंध नाही.

अगदी कमी पैशांत पहिला पाइप हवा असेल तर माझं मत मिसुरीच्या मक्याच्या कणसाच्या पाइपाला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावात 1869 पासून ते बनतात. दिसायला गावठी, पण कोरडे आणि थंड चालतात. तळाशी मात्र राख होईपर्यंत ओढू नका, आत आलेली लाकडी दांडी जळते.

ऑनलाइन घेताना आणखी एक सापळा असतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने मालाचा देश दाखवायला हवा. शीर्षकात मोठ्या अक्षरांत ‘इटालियन स्टाइल’ आणि खाली तपशिलात ‘देश: चीन’, असं दिसलं तर खालची ओळ खरी धरा. चीनचं नाव बघून नाक मुरडायचंही कारण नाही. वाटी कशाची आहे तेवढं बघा. ‘रेझिन’ असेल तर सोडून द्या. शिसवी किंवा शिसमाची असेल तर तीही शोभेला बरी, रोजच्या आचेला नव्हे.

देश कुठलाही असो, खरी परीक्षा दोन मिनिटांची असते. तोंडाकडून पाइप क्लीनर घाला. तो न अडता वाटीच्या तळाशी मधोमध बाहेर आला पाहिजे. भोक तळाच्या वर असेल तर खालची तंबाखू ओलीच राहणार. वाटीच्या भिंतीची जाडी बोटांनी चाचपा, एका बाजूला पातळ असेल तर तिथेच तापणार आणि एक दिवस जळून भोक पडणार. जाड चकचकीत वार्निश टाळा, कारण ते तापून सोलतं. आणि नुसता खडबडीत कोरलेला पाइप स्वस्त असेल तर त्या कोरीवकामाखाली काय दडलंय याचा विचार करा.

घेतल्यावरच्या कुरबुरी बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्याच असतात. जीभ भाजते, कारण घाईघाईने ओढता. नळी घट्ट बसत असेल तर टोकावर पेन्सिलचं शिसं घासा, सैल असेल तर थोडं मेण. गरम असताना नळी पिळून काढलीत तर दांडीला चीर जाऊ शकते. हो, आणि ‘धूर छातीत घेत नाही, म्हणजे धोका नाही’ ही समजूतही सोडा. तोंड, घसा, अन्ननलिका यांचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांनाही होतो, पाइप कुठल्याही देशाचा असो.

दूरच्या विक्रेत्याकडून घेणार असाल तर वाटीच्या आतला, वरून काढलेला फोटो मागा. पुन्हा तोच कॅटलॉगमधला फोटो आला, तर दुसरा विक्रेता बघा.