झेब्रा हॉवर्थिया का मरतंय? मराठवाड्यात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

उन्हाळा लागला की ओळखीतले लोक फोटो पाठवायला लागतात, पानं विटकरी झालीत, रोप डुलायलंय, काय करू? रोप बहुतेक वेळा एकच असतं, वीतभरही उंची नसलेलं, टोकदार हिरव्या पानांवर पांढऱ्या आडव्या रेघा असलेलं झेब्रा हॉवर्थिया. मला हे रोप फार आवडतं, म्हणून जीव तुटतो, कारण ते मरतं ते एका समजुतीनं: सक्युलेंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं रोप आहे ना, मग वाळवंटातलं, ठेवा गच्चीवर.

हे मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमधलं, आपल्या कोरफडीच्याच कुळातलं, आणि तिथं ते बहुतेक झुडपांच्या बुडाशी, खडकांच्या आडोशाला वाढतं. कोरड्याची सवय आहे, भर उन्हाची नाही. आपल्या परभणी-नांदेडला मेमध्ये पारा 42-43 ला जातो, त्यात पश्चिमेची गच्ची असली तर फरशी नि भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली. पान तांबूस झालं तर तो ताण, सावलीत नेलं की हळूहळू परत हिरवं होतं. कोरडा पांढरट डाग पडला तर तिथं पान भाजलंय, ते काही भरून येत नाही. पूर्वेची खिडकी नि सकाळचं कोवळं ऊन, बास. अंधाऱ्या हॉलमध्ये टीव्हीशेजारीही नको, तिथं पानं फिकी नि लांबुडकी होतात.

पाण्याची चूक मात्र सगळ्यात जास्त रोपं मारते. हे रोप पानावरची बारीक छिद्रं दिवसा मिटून ठेवतं नि रात्री गारव्यात उघडतं, म्हणजे पाणी कमी उडतं. आता मेच्या रात्री आपल्याकडं गार होतातच कुठं, मग वाढ मंदावते, मुळं फारसं पाणी ओढत नाहीत, आणि आपण नेमकं तेव्हाच बिचारं तहानलं असेल म्हणून रोज पाणी टाकायलोत. पान सुरकुतलं म्हणजे तहानच असं नाही. रोप दोन बोटांत धरून हलकं हलवून बघा. घट्ट असेल तर पाणी हवंय, डुललं किंवा अलगद उपटून आलं तर मुळं सडलीत. चांगलं मूळ जाडसर, पांढरट, टणक असतं; सडलेलं तपकिरी, पोकळ, ओढलं की साल हातात येते नि आत नुसता दोरा राहतो. सगळं सडकं कापा, बुडाची मऊ पानं काढा, चार-पाच दिवस सावलीत तसंच उघडं सुकू द्या, मग कोरड्या मातीत लावा नि आठवडाभरानं थोडं पाणी. बुडाचा गड्डा टणक असला तर नवी मुळं फुटतात.

माती म्हणाल तर शेतातली काळी माती अजिबात नको. कापसाला ती चांगली, पण कुंडीत ओली झाली की कितीतरी दिवस पाणी धरून ठेवते नि वाळली की आवळून भेगाळते. नर्सरीवाले नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात देतात तेही बदला. धुतलेला बारीक मुरूम, विटेचा चुरा, जाड वाळू आणि त्यात पाव हिस्सा कंपोस्ट, मातीची कुंडी, खाली भोक असलेली. गिफ्टमध्ये मिळणाऱ्या कपाला भोक नसतं, तो सरळ बाजूला ठेवा.

नावाचाही घोळ आहे. लेबलवर फॅसिआटा लिहिलेलं असतं पण रोप बहुतेक अटेन्युएटा असतं. पानाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा, खरखरीत लागलं तर अटेन्युएटा, गुळगुळीत असेल तर फॅसिआटा. 2013 पासून दोन्हीची प्रजात हॉवर्थिऑप्सिस धरतात, तेव्हा नेटवर त्या नावानंही शोधा. निगा दोघांची सारखीच.

मधूनच लांब बारीक दांडा येऊन छोटी पांढरट फुलं आली तर घाबरू नका, घायपातासारखं हे फुलून मरत नाही. दांडा वाळला की कापायचा. रोपं वाढवायची तर पान लावून वाट बघू नका, बुडाशी येणारी पिल्लं स्वतःची मुळं धरल्यावरच वेगळी करा.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा, दर आठवड्याला परत बघा, आणि तेवढे दिवस कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. पावसाळ्यात कुंडी बदलताना मुळांवरही बघाच, तिथंही तो लपतो.