मुरगटची पेटी: विलायती आडनावाचं मूळ गाव कसं शोधावं

आमच्या घरात एक सागवानी पेटी आहे. आजा खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होता. जिन बंद पडला, सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यानं ती घेतली. झाकणावर पांढऱ्या रंगानं, मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक आडनाव रंगवलेलं. ते कोणीतरी आजीला वाचून दाखवलं असावं, कारण ती जन्मभर तिला ‘मुरगटची पेटी’ म्हणाली. सातबारा, फेरफाराच्या नकला, बाबांचा शाळेचा दाखला, सारं त्या पेटीत. काही मागितलं की आजी म्हणायची, “मुरगटच्या पेटीत ठेवलं हाय, पाय बरं.”

झाकणावरचं नाव आहे मर्गट्रॉइड. या नावाची माणसं इंग्लंडातही फार नाहीत. ते कुठलं, कुठं वाढलं, कुठं पसरलं, हे मी गावात बसून, मोबाइल आणि एका जुन्या संगणकावर शोधलं. कसं शोधलं ते इथं सांगतो. तुमच्याकडे एखादं विलायती नाव असेल, विहिरीच्या कठड्यावर कोरलेलं, यंत्राच्या पाटीवर, जुन्या खरेदीखतावर, तर हाच रस्ता धरा.

मी सेतू केंद्र चालवतो. जात पडताळणीचे अर्ज भरून भरून वंशावळीचं काम हाताखालून गेलेलं आहे. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. त्यासाठी पोराचा दाखला, मग बापाचा, मग आज्याचं दाखल-खारीज रजिस्टर, त्याच्यामागं कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची, नक्कल. ज्याच्या घरात एक पोरगं शिकलं त्याला हे पाठ असतं. इंग्रजी आडनावही असंच शोधतात: हातातल्या कागदापासून मागं, एका वेळी एक पिढी. मधली पिढी सोडून उडी मारली की दुसऱ्याचाच आजा आपल्या वंशावळीत येऊन बसतो.

सगळ्यात आधी अक्षरं नीट वाचा. दुपारच्या उन्हात वाचू नका. संध्याकाळी टॉर्च आडवी धरा, म्हणजे पुसलेल्या रंगाच्या आणि कोरलेल्या अक्षराच्या कडा उठून दिसतात. आजूबाजूच्या रेघा, आकडे, ठिपके सगळं वहीत जसंच्या तसं उतरवा, अर्थ लावत बसू नका. फोटो काढा आणि फोटोवर तारीख टाका.

मग त्या नावाची वेगवेगळी रूपं लिहून काढा. इथं घाई करू नका, निम्मं काम इथंच होतं. आमच्याकडे एका मुलीचा अर्ज कितीतरी महिने अडून होता. तिच्या दाखल्यावर वानखेडे होतं, आज्याच्या कोतवाल बुकात वानखडे. घर एक, शेत एक, माणसं तीच. लिहिणाऱ्याच्या कानावर जसं पडलं तसं कागदावर आलं. विलायतेतही पाद्री आणि कारकून कानानंच लिहायचे आणि सांगणाऱ्याला बहुधा अक्षरओळख नसायची. मर्गट्रॉइडचं मर्गिट्रॉइड होतं, मार्गट्रॉइड होतं, मधली-शेवटची अक्षरं बदलतात. आजीचं मुरगट त्याच रांगेतलं आहे असं मी मानतो. शोधाच्या चौकटीत शंकेच्या अक्षराजागी तारकेची खूण (*) टाकता येते. पहिली तीन-चार अक्षरं पक्की ठेवा, मग तारका, मग शेवटचं अक्षर. इतक्यानं बरीचशी रूपं जाळ्यात येतात.

आता नाव फोडून पाहा. आपल्याकडे शेवटी ‘कर’ दिसला की मागं गाव आहे हे पोरंही सांगतात. तिकडंही शेपूट पाहावी लागते. ‘रॉइड’ म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. उत्तर इंग्लंडातल्या वेस्ट यॉर्कशायरच्या बोलीतला शब्द. अॅक्रॉइड, होलरॉइड, बूथरॉइड, लिरॉइड ही नावं त्याच डोंगराळ भागातली. जमीन साफ करण्यासाठीच ‘थ्वेट’ हा नॉर्स, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या उत्तरेकडच्या लोकांकडून आलेला शब्द इंग्लंडच्या वायव्य टोकाला कंब्रियाकडे जास्त भेटतो. पॉसलथ्वेट हे आडनाव तिथलंच. ‘ट्रे’, ‘पॉल’, ‘पेन’ यांनी नाव सुरू होत असेल तर खुशाल नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलकडे चला. मर्गट्रॉइडच्या पुढच्या भागाबद्दल मात्र दोन मतं आहेत: कोणी म्हणतं माळरानाकडे जाणाऱ्या वाटेवरची मोकळी जमीन, कोणी म्हणतं मार्गारेट नावाच्या बाईची. माझं मन दुसऱ्या अर्थाकडे ओढ घेतं. तरी वहीत दोन्ही लिहिले आहेत, आणि तुम्हीही असं दिसलं तर दोन्ही लिहा.

नावाचा अर्थ लागला म्हणजे पत्ता लागला असं होत नाही. पत्त्यासाठी नकाशा करायचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये ती १८५५ पासून, तिथली व्यवस्था वेगळी. इंग्लंडच्या नोंदींची सूची ‘फ्रीबीएमडी’ या संकेतस्थळावर फुकट पाहायला मिळते, स्वयंसेवकांनी टंकून ठेवली आहे. तिथं आडनाव टाका, फक्त जन्म निवडा, १८३७ ते १८५० एवढीच वर्षं घ्या. प्रत्येक नोंदीपुढं नोंदणी जिल्हा येतो. मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर इंग्लंडचा नकाशा उतरवला आणि एका नोंदीला एक याप्रमाणे तुरीचे दाणे ठेवत गेलो. हॅलिफॅक्सवर दाणे मावेनात. शेजारच्या ब्रॅडफर्डवर थोडे, मग विरळ विरळ, आणि दक्षिणेकडे जवळजवळ मोकळं रान. दुर्मीळ नावाचा हा फायदा असतो. स्मिथ घेतला असता तर दाणे देशभर पसरले असते आणि काहीच कळलं नसतं.

यात एक खोच आहे. ही सूची तीन-तीन महिन्यांची असते आणि तारीख जन्माची नसते, नोंदणीची असते. नोंदीला बेचाळीस दिवसांची मुदत असायची, म्हणून मार्चमध्ये जन्मलेलं पोर जूनच्या तिमाहीत सापडू शकतं. आईचं माहेरचं आडनाव या सूचीत १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून येतं. त्याआधीचं हवं असेल तर तिकडच्या जनरल रजिस्टर ऑफिसची स्वतःची सूची पाहा. खातं उघडायला पैसे लागत नाहीत आणि तीत ते १८३७ पासून आहे. एकाच नावाची दोन पोरं वेगळी करायला दुसरं चांगलं साधन नाही.

नकाशा झाला की जनगणना. दर दहा वर्षांची जनगणना तिकडे १८०१ पासून आहे, पण देशभर नावानिशी माणसं मिळतात ती १८४१ पासून. १८८१ ची ‘फॅमिलीसर्च’वर फुकट आहे, सुरुवात तिथून करा आणि मागं या. १८५१ पासून जन्मगाव लिहिलेलं असतं, हे सोन्याचं पान समजा. १८४१ मध्ये जन्मगाव नसतं, याच परगण्यात जन्म झाला की नाही एवढंच असतं, आणि पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय बहुतेक ठिकाणी पाचाच्या पाढ्यात खाली उतरवलेलं असतं. चौतीसचा माणूस तीस दिसतो. आपल्याकडे गुरुजींनी गावच्या अर्ध्या पोरांचा जन्म १ जुलैला लावलेला आहे, त्यामुळे याचं आपल्याला नवल वाटू नये. वय जमत नाही म्हणून माणूस टाकून देऊ नका. १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, आणि १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. त्यापुढची माणसं किंवा त्यांची मुलं हयात असू शकतात. त्यांची नावं-पत्ते गोळा करून कुठं टाकू नका.

१८३७ च्या मागं चर्चची बुकं. १५३८ साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखानं, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावं. सगळीकडची बुकं टिकली नाहीत, आणि १६४० च्या दशकातल्या यादवी युद्धात तर बऱ्याच ठिकाणी पानं कोरी राहिली. तारखांना जपा. १७५२ पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. बुकात फेब्रुवारी १६४१ असेल तर आपल्या हिशेबानं तो फेब्रुवारी १६४२. निजामी अमलातले महसुली कागद ज्यांनी हाताळले त्यांना हे कळायला वेळ लागणार नाही; फसली सनात ५९० मिळवल्याशिवाय आपलं तरी इसवी सन कुठं लागतं?

मर्गट्रॉइड अशी बुकं मागं टाकून आणखी मागं जातात. हॅलिफॅक्सच्या पश्चिमेला वॉर्ली नावाचं गाव आहे. १३७१ साली त्या गावचा कॉन्स्टेबल, म्हणजे आपल्या पोलीस पाटलासारखा माणूस, जोहान्स डी मॉर्गटरॉइड या नावानं कागदावर आला आहे. यातला ‘डी’ म्हणजे आपला ‘कर’. तो मॉर्गटरॉइड नावाच्या जागेवर राहायचा म्हणून तसं लिहिलं, आणि पुढच्यांनी तेच आडनाव चालवलं. ती साफ केलेली जमीन आज वेगळं गाव म्हणून उरली नाही, नाव तेवढं माणसांबरोबर चालत राहिलं. त्या भागातल्या कोणत्याही नावासाठी १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या पाहायला विसरू नका. वेस्ट रायडिंगच्या याद्या गावनिहाय टिकल्या आहेत आणि छापल्याही आहेत.

नाव पसरलं कसं हे शोधायचं तर तिथला धंदा पाहा. हॅलिफॅक्सचा डोंगर शेतीला हलका, पण पाणी आणि मेंढ्या भरपूर. घरोघरी लोकरीचं कापड विणायचे. त्या व्यापारावर जेम्स मर्गट्रॉइड नावाचा कापडवाला इतका मोठा झाला की त्यानं दूर कीथलीजवळची ईस्ट रिडल्सडेन हॉल ही जागा घेतली आणि १६४० च्या दशकात नव्यानं बांधून काढली. ती आजही जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात उभी आहे. (कीथली इंग्रजीत लिहितात त्यावरून कोणी ‘कीथली’ वाचणार नाही. गावाचा उच्चार वेगळा शोधून ठेवावा, नाहीतर जुन्या कागदातलं कानानं लिहिलेलं नाव ओळखूच येत नाही.) पुढं गिरण्या आल्या, माणसं ब्रॅडफर्डकडे सरकली, काही डोंगर ओलांडून लँकेशायरात कापसाच्या गिरण्यांत गेली असतील.

आणि कापूस म्हटला की खामगाव. अमेरिकेतल्या यादवीनं १८६१ पासून लँकेशायरचा कापूस तोडला आणि वऱ्हाडाच्या कापसाला भाव आला. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा आला, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. जिनं, प्रेस, बॉयलर, त्यांचे फिटर आणि इंजिनियर या रस्त्यानं आले. माझी पेटीही अशाच कोणाबरोबर आली असावी.

इकडं आलेल्या माणसाची नोंद शोधायची तर ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दफ्तर पाहा. त्यातली चर्चची नोंद तीन भागांत आहे: एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. ब्रिटिश अमलातल्या भारतातल्या कुटुंबांच्या नोंदी जमवणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेच्या संकेतस्थळावर बरीच नावं फुकट शोधता येतात. वऱ्हाडवाल्यांनी तिन्ही भाग पाहावेत. आपला मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात पण निजामाच्या मालकीचा, आणि १९०३ ला मध्य प्रांताला जोडलेला. कोणता पाद्री कोणत्या दफ्तरी पान पाठवत होता हे घरी बसून ठरवू नका. जोडीला थॅकरची जुनी डिरेक्टरी चाळा, तीत गावोगावचे कारखाने आणि साहेब लोक येतात.

दोन ठिकाणी पैसे आणि वेळ जातो, तिथं सांभाळा. ‘तुमच्या आडनावाचं राजचिन्ह’ म्हणून ढाल-सिंहाचं चित्र विकणारे भेटतील. इंग्लंडात असं चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं. ते काम १४८४ पासून कॉलेज ऑफ आर्म्स पाहतं. दुसरं, दुसऱ्यानं टाकलेली तयार वंशावळ उचलू नका. खाली मूळ नोंदीचा दाखला नसेल तर ती कितीही लांब असो, वहीत घेऊ नका.

एक आडनाव म्हणजे एक रक्त, हेही धरून चालू नका. २००० साली ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञानं स्वतःच्याच साइक्स आडनावाच्या पुरुषांचं, बापाकडून मुलाकडे जाणारं गुणसूत्र तपासलं. हेही वेस्ट यॉर्कशायरचंच नाव. निम्म्याच्या आसपास माणसं एकाच मूळ पुरुषाकडे जाणारी निघाली. बाकीच्यांत दत्तक असतील, आईचं नाव लावणारे असतील, वेगळ्या जागी तेच नाव पडलेले असतील. आपल्या गावात एकाच आडनावाची तीन कुळं आणि तीन दैवतं असतात, तसंच हे.

इतकं जमल्यावर ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ला विचारा. १९७९ सालची संस्था आहे. तिचे सभासद एकेक आडनाव दत्तक घेतल्यासारखं घेतात आणि जगभरातली त्याची प्रत्येक नोंद जमवतात. तुमचं नाव कोणी घेतलेलं असेल तर भारतातली एक नोंद त्यांना फार मोलाची वाटते. पत्र लिहिताना वस्तूचा फोटो, ती कुठं मिळाली, कोणाकडून मिळाली आणि गावात त्या नावाला काय म्हणतात, हे चारही द्या.

माझ्या पेटीचा मालक मला अजून सापडलेला नाही. झाकणावर पहिलं नाव नाही, साल नाही, त्यामुळे नुसत्या आडनावावर कोणालाही मालक ठरवायला मी धजावत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत वॉर्ली, हॅलिफॅक्स, यॉर्कशायर असं लिहिलं, खाली खामगावचा जिन आणि आज्याचं नाव, आणि सगळ्यात खाली, आजी म्हणायची तसं, मुरगट.