औषधाचा गट ओळखा, मग पंप भरा

मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दिसली की दुकानातून एक औषध आणायचं आणि त्याने भागलं नाही तर दुसऱ्या कंपनीचं आणायचं, ही सवय महागात पडते. दोन्ही बाटल्यांची नावं वेगळी असली तरी दोन्ही औषधं अळीच्या शरीरात एकाच ठिकाणी बसणारी असू शकतात. त्या ठिकाणाची रचना ज्या अळ्यांत थोडी बदललेली असते त्या वाचतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. औषध अळीच्या शरीरात कुठे काम करतं त्यावरून त्याला गटाचा आकडा दिलेला असतो. म्हणून बाटली बदलताना गट बदलतोय का, हे आधी पाहायचं.

किडीच्या दोन मज्जापेशींमध्ये बारीक फट असते. निरोप त्या फटीपर्यंत विजेच्या रूपात येतो आणि फट ओलांडतो रसायनाच्या रूपात. कीटकाच्या मेंदूत आणि मज्जागुच्छांत पेशीला चेतवण्याचं मुख्य काम ॲसिटिलकोलिन करतं. स्नायूला आकुंचनाचा हुकूम ग्लुटामेट देतं. आपल्या हातापायांच्या स्नायूंत मात्र हेच काम ॲसिटिलकोलिनचं आहे. चेतना थोपवणारा संदेशवाहक म्हणजे गाबा. आपण फवारतो त्यातली बरीच औषधं या तिघांपैकी एकाचा कारभार बिघडवतात.

ॲसिटिलकोलिनच्या वाटेवर सर्वाधिक गर्दी आहे. काम झाल्यावर ते तोडून टाकणारं एन्झाइम गट १ बंद पाडतो. १ ए म्हणजे कार्बामेट आणि १ बी म्हणजे क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट. निरोप थांबतच नाही, कीड थरथरून मरते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड (४ ए) थेट ॲसिटिलकोलिनच्या जागी जाऊन बसतात. स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम (५) त्याच ग्राहकाला (पेशीवर निरोप घेणाऱ्या रेणूला) चिकटतात, पण वेगळ्या जागी, म्हणून त्यांचा गट वेगळा. फिप्रोनील (२ बी) गाबाने उघडणारं पेशीचं द्वार बंद करतं, त्यामुळे चेतना आवरायला कोणी उरत नाही. इमामेक्टिन (६) ग्लुटामेटने उघडणारं क्लोराइडचं द्वार उघडंच ठेवतं आणि अळी लुळी पडते.

काही औषधांचा संदेशवाहकाशी संबंध नाही. नावात ‘थ्रिन’ असलेली सगळी (३ ए) आणि इंडोक्साकार्ब (२२ ए) विजेचा निरोप वाहणाऱ्या सोडियमच्या द्वारावर काम करतात. क्लोरँट्रानिलीप्रोल (२८) तर स्नायूच्या आतला कॅल्शियमचा साठा सांडून टाकतं.

गट शोधण्यासाठी व्यापारी नावाकडे बघू नका, बारीक अक्षरातलं तांत्रिक नाव वाचा. गटाचा आकडा छापलेला नसेल तर शेपटावरून अंदाज येतो: ‘फॉस’ म्हणजे १ बी, ‘थ्रिन’ म्हणजे ३ ए, ‘मेक्टिन’ म्हणजे ६, ‘निलीप्रोल’ म्हणजे २८. अपवाद आहेत. डायमेथोएट, ॲसिफेट, मॅलाथिऑन यांत ‘फॉस’ नाही, तरी ती १ बीच. जोडऔषधात दोन्ही गट मोजायचे. उसातल्या हुमणीसाठी फिप्रोनील ४० टक्के + इमिडाक्लोप्रिड ४० टक्के हे दाणेदार मिश्रण एकरी १७५ ते २०० ग्रॅम वापरतात. ते टाकलं की २ बी आणि ४ ए हे दोन्ही गट वापरले गेले असं वहीत लिहा.

आता मका. शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी २० झाडं बघा. शंभरातली किती झाडं ताजी कुरतडलेली आहेत तीच टक्केवारी. रोप लहान असताना ५ टक्क्यांच्या आसपास निंबोळी अर्क पुरतो. पोंगा भरल्यावर १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर रसायन. इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी लीटरला ०.४ ग्रॅम, म्हणजे १५ लीटरच्या पंपाला ६ ग्रॅम. स्पिनेटोरम ११.७ एससी ०.५ मिली, पंपाला ७.५ मिली. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी ०.४ मिली, पंपाला ६ मिली. ही तीन औषधं म्हणजे ६, ५ आणि २८ असे तीन वेगळे गट.

किडीची एक पिढी साधारण महिन्याची असते. पहिल्या ३० दिवसांत एकच गट, गरज पडली तर पुन्हा तोच. पुढच्या ३० दिवसांत तो गट पूर्ण बंद. दर फवारणीला गट बदलला तर एकाच पिढीवर सगळी अस्त्रं झिजतात, हे अनेकांना उलटं वाटतं, पण हिशेब पिढीचाच आहे. फवारा पोंग्यात उतरला पाहिजे, आणि वेळ संध्याकाळची, कारण अळी तेव्हा वर येते आणि इमामेक्टिन उन्हात लवकर विघटित होतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती फवारणीनंतर. इमामेक्टिन आणि क्लोरँट्रानिलीप्रोल यांनी अळी काही तासांत खाणं सोडते, पण दोन-चार दिवस जिवंत दिसते. दुसऱ्या दिवशी ‘मेली नाही’ म्हणून वर ‘थ्रिन’ मारू नका. मित्रकीटक मरतात, अळीचं काही बिघडत नाही. ताजी विष्ठा आणि पोंग्यातली नवी भोकं बघून निकाल ठरवा. दुसरी चूक पाण्याची. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर १ ए आणि १ बीची औषधं त्यात तुटतात. पीएच पट्टीने पाणी तपासा आणि कालवलेलं द्रावण रात्रभर ठेवू नका.

गोठ्यात गोचिडांवर वापरायचं अमिट्राझ (१९) चौथ्या संदेशवाहकाची नक्कल करतं, ऑक्टोपामिनची. कीटकाला पळायला, झगडायला तयार करणारं हे रसायन. राधानगरी-दाजीपूरच्या रानात पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात तेही त्याच्याच हुकमावर. १९८० मध्ये याच कुळातल्या रसायनांनी काजव्याचा दिवा पेटतो हे प्रयोगात दिसलं होतं. गोचीड आठ पायांची, कीटक नव्हे, पण ग्राहक तसाच. १२.५ टक्क्यांचं औषध लीटरला २ मिली; कानाच्या कडा, कासेभोवतीची जागा आणि शेपटीखाली नीट लावा. घोड्याला हे लावायचं नाही, त्याचं आतडं थांबतं.

१ ए आणि १ बी माणसातही तेच एन्झाइम बंद पाडतात. फवारताना लाळ गळू लागली, घाम फुटला, बुबुळातली बाहुली टाचणीएवढी झाली, स्नायू उडू लागले, तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या रुग्णालयात तातडीने न्या. बाटली सोबत घ्या. ॲट्रोपिन द्यायचं की दुसरं काही, हे डॉक्टर त्यावरच्या तांत्रिक नावावरून ठरवतात.