मामाना बैल नदी पी गया

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते, पोरं २२. "ऐकून घ्या रे" हे दिवसातून किती वेळा म्हणते, ते मोजणं मी सोडून दिलंय. त्याऐवजी शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी निंबाखाली खेळ घेते.

कानगोष्ट सगळ्यांना येते, पण ती हसण्यापुरतीच खेळली जाते. वाक्य पोरांच्या घरच्या बोलीत द्या. मी अहिराणीत दिलं होतं, "मामाना बैल नदीवर पाणी पेवाले गया." शेवटच्या पोरापर्यंत झालं, "मामाना बैल नदी पी गया." हसून झालं की पोरं लगेच चूक कुणाची ते शोधायला लागतात. तिथेच थांबवा आणि दुसरी फेरी लावा. आता प्रत्येकाला एकदा "परत सांग" म्हणायची मुभा, आणि ऐकलेलं आधी सांगणाऱ्याच्याच कानात म्हणून दाखवायचं, मग पुढे. वेळ दुप्पट जातो, पण बैल नदीवर पोचतो. दोन रांगांची शर्यत मात्र लावू नका. मी एकदा लावली, वर चॉकलेट कबूल केलं. जिंकलेल्या रांगेला बैल होता की म्हैस, हेही सांगता येईना.

माझा लाडका खेळ तुराटीचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काठीचा. पाच-सहा फुटांची सरळ, हलकी तुराटी काटक्या छाटून घ्या. (कापसाची पऱ्हाटी नको, ती वाकडी असते.) चार-चार पोरं समोरासमोर उभी करा, प्रत्येकाची तर्जनी छातीशी आडवी, त्यावर काठी. काठी धरायची नाही, कुणाचं बोट सुटायचं नाही, आणि सगळ्यांनी मिळून ती जमिनीला टेकवायची. काठी खाली यायची सोडून वर चढते! भूतबित नाही. बोट सुटू नये म्हणून जो तो किंचित वर रेटतो, आठ जणांचं किंचित पुरेसं होतं. मग सुरू, "तू वर करी ऱ्हायना!" दोन मिनिटं भांडू द्या, उत्तर सांगू नका. नंतर एवढंच म्हणा की आता एकानेच बोलायचं. तो एक तुम्ही निवडा, वर्गात सगळ्यात कमी बोलणारा. आमच्याकडे एका सालदाराची, म्हणजे सालावर राबणाऱ्या शेतमजुराची मुलगी होती, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, वर्गात तोंड न उघडणारी. ती "थोडं... थांबा... थोडं" एवढंच म्हणत गेली. सात जण तिच्या तोंडाकडे बघत गुडघ्यावर आले, आणि काठी टेकली.

उरलेल्या वेळात साखळी. जो पकडला जाईल तो पकडणाऱ्याचा हात धरून पळतो, हात सुटला तर पकड बाद. चारच्या वर साखळी वाढली की दोन करा, नाहीतर टोकाचं पोर फरफटतं. आणि आधी चपला काढायला लावा. आमचा निम्मा तास चपलांचे तुटलेले अंगठे शोधण्यात गेलाय.